सिमरोल, बडवाह, सनावद, खंडवा

सरवटे बसस्टँडच्या जिन्याखाली एक खोली होती,
तिच्यात माझे वडील बसत, आणि एक माईक.
शाळा सुटली की मी उंबऱ्यावर बसून शेंगदाणे खायची.
बाबा म्हणत, सिमरोल, बडवाह, सनावद, खंडवा,
आणि खंडव्याची गाडी धूर सोडून हलायची.
बाबा म्हणत, देवास, मक्सी, शाजापूर,
आणि तीही हलायची.

चर्चमध्ये ऐकलं होतं, आरंभी अंधार होता,
मग कुणी बोललं आणि उजाडलं.
मला त्यात नवल वाटलं नाही.
आमच्या घरी ते काम रोजचं होतं,
दोन पाळ्यांत.

रविवारी तोच गळा छावणीतल्या चर्चमध्ये
शास्त्रपाठ वाचायचा.
दोन ओळींच्या मध्ये बाबा जरा थांबत,
कुणी पिशवी सांभाळत धावत येतंय,
त्याला अजून चढायचंय, तसे.

घरात शब्द मोजूनमापून.
स्टोव्ह भडकला तरी 'जळो' म्हणायचं नाही.
शेजारच्या टिल्लूकाकू म्हणत,
तिन्हीसांजेला वेडंवाकडं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.
बाबा म्हणत, काकू, आमच्या वास्तूला फक्त आमेन येतं,
पण कान तेवढेच तिखट.
दोघं हसायचे,
आणि दोघंही जपूनच बोलायचे.

मी बोलले.
पंचविशीत, लग्न माझं मी ठरवलं तेव्हा.
बाबा तासभर समजावत होते, गावांची नावं घ्यावीत तसं,
एकेक कारण, सावकाश, स्पष्ट.
मी म्हणाले, एकदाचे गप्प बसा, बाबा.
मग म्हणाले, कायमचे.
तो शब्द जोडायची गरज नव्हती.
वाक्य आधीच पुरं झालं होतं.
दिवेलागणीची वेळ होती.
घर काही म्हणाल्याचं मला ऐकू आलं नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं. जावई आवडला,
नात झाली, तिचं नाव जेरुशा त्यांनीच ठेवलं.
वीस वर्षांनी, एका मार्चमध्ये, दाढी करताना
हातातला ब्रश पडला.
डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, निघत नाही काही.
मी विचारलं, एखादं वाक्य पोचायला
वीस वर्षं लागतात का?
नाही, विचारलं नाही.
चिठ्ठी घेतली, खाली जाऊन औषधं आणली.

पाळक अमोलिक आले, म्हणाले, रणपिसे, म्हणा माझ्याबरोबर.
साठ वर्षांची पाठ प्रार्थना
पहिल्या अक्षरावरच अडकली.
हे. हे. हे.
माईक तपासावा तशी.
मी पडदा नीट करायला उठले.
तो नीटच होता.

काल जेरुशा निघाली, मिरजेला, नर्सिंग शिकायला.
बॅग दाराशी ठेवून खाटेजवळ गुडघे टेकले.
बाबांनी डावा हात ठेवला तिच्या डोक्यावर,
उजवा आता ऐकत नाही.
ओठ जुळवायला वेळ लागला.
मग म्हणाले,
सिमरोल.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

बडवाह, म्हणाले.
मोरटक्का, म्हणाले,
जे त्यांच्या यादीत कधीच नव्हतं,
तिथे पूल लागतो, नर्मदा लागते,
खिडकीतून लोक नाणी टाकतात.
सनावद.
खंडवा.
एकेक नाव धुतलेल्या भांड्यासारखं लख्ख,
आणि मध्ये तेवढंच थांबणं,
जेवढ्यात एक माणूस चढतो.

तिची गाडी त्या वाटेने जाणारही नव्हती.
जेरुशाने डोकं जरासुद्धा हलवलं नाही.
म्हणाली, आजोबा, फलाट कुठला?
त्यांनी तीन बोटं दाखवली.

उन्हं उतरली होती, दिवा लावायचा राहिला होता.
आमेन कुणीच म्हटलं नाही.
घर म्हणतंय का, म्हणून मी थांबले,
पण खाली रिक्षावाला
हॉर्न वाजवत होता.